बॉस एसडी-१ आठ महिने वापरल्यावर: क्लासिक रॉकसाठी ओव्हरड्राइव्ह निवडताना

ज्या रेकॉर्डांवरचा गिटारचा आवाज डोक्यात घेऊन आपण ओव्हरड्राइव्ह पेडल (गिटार आणि अँपमध्ये लावून आवाज फोडणारी पायाची डबी) शोधायला निघतो, त्यातल्या बहुतेक रेकॉर्डा निघाल्या तेव्हा ही पेडलं बाजारात नव्हतीच. बॉसचं ओडी-१ आलं १९७७ मध्ये, आयबानेझचं ट्यूब स्क्रीमर टीएस८०८ दशकाच्या अगदी शेवटी आणि एसडी-१ १९८१ मध्ये. त्याआधीचा आवाज म्हणजे जवळजवळ पूर्ण उघडलेला मार्शल किंवा व्हॉक्स अँप आणि फार तर त्याच्याआधी एखादा ट्रेबल बूस्टर, म्हणजे वरचे स्वर वाढवणारी डबी. ब्रायन मे आणि रोरी गॅलाघर या दोघा गिटारवादकांचीही जोडी व्हॉक्सचा एसी३० आणि ट्रेबल बूस्टर अशीच. म्हणून पेडल निवडताना ‘याचा डिस्टॉर्शन कसा वाजतो’ हा प्रश्न दुसरा. ‘माझा अँप याला काय उत्तर देतो’ हा पहिला.

हा अनुभव तीन ठिकाणचा आहे: ईएल३४ ट्यूबांवर चालणारा मार्शल धर्तीचा २० वॅटचा अँप आणि ग्रीनबॅक स्पीकर लावलेलं १×१२ (एका बारा इंची स्पीकरचं) कॅबिनेट, १५ वॅटचा साधा ट्रान्झिस्टर प्रॅक्टिस अँप, आणि रात्रीसाठी ऑडिओ इंटरफेस व हेडफोन. गिटार दोन, एक हंबकर (दुहेरी कॉइलच्या) पिकअपचा आणि एक सिंगल कॉइल पिकअपचा.

आधी पेडलच्या पोटात काय चालतं ते बघू, कारण नॉब कुठे ठेवायचे ते त्यावरूनच कळतं. एसडी-१ मध्ये डायोड ऑप-अँपच्या (सिग्नल वाढवणाऱ्या चिपच्या) फीडबॅकमध्ये बसवलेले आहेत, एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला एक. त्यामुळे लहरीची एक बाजू आधी दबते, दुसरी उशिरा, आणि सम हार्मोनिक्स (मूळ स्वराच्या दुप्पट, चौपट कंपनांचे स्वर) मिसळून आवाजाला थोडा खरबरीतपणा येतो. ट्यूब स्क्रीमरमध्ये दोन्ही बाजूंना एकेकच डायोड असतो, म्हणून तो जास्त गुळगुळीत लागतो. दोन्हींमध्ये मूळ स्वच्छ सिग्नल क्लिप झालेल्या, म्हणजे डायोडांनी माथा छाटलेल्या, सिग्नलबरोबर बाहेर येतो, त्यामुळे पिकचा आघात मरत नाही.

दुसरी गोष्ट खर्जाची. ४.७ किलोओहमचा रोधक आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मिळून सुमारे ७२० हर्ट्झच्या खाली पेडलची वाढ उतरत जाते. ड्राइव्ह, म्हणजे गेनचा नॉब, अगदी शून्यावर असला तरी वरच्या मिड्सना (मधल्या स्वरपट्टीला) जवळपास ८ पट वाढ मिळते, पण खालच्या ई तारेच्या ८२ हर्ट्झला जेमतेम १.३ पट. ‘एसडी-१ बेस खातं’ अशी जी ओरड असते ती यातूनच येते. खरं तर पेडल बेस कापत नाही, बाकी सगळं पुढे ढकलतं. जोरात वाजणाऱ्या ट्यूब अँपला नेमकं हेच हवं असतं. त्याचा खर्ज आधीच सैल पडलेला असतो, त्यात आणखी भर पडली की पाम म्यूट केलेल्या (तळहाताने दाबून वाजवलेल्या) पॉवर कॉर्डचा लगदा होतो.

आता सेटिंग. पेडलचे नॉब घड्याळासारखे वाचा: ७ म्हणजे शून्य, १२ मधोमध, ५ म्हणजे पूर्ण. अँपचे आणि गिटारचे आकडे मात्र १० पैकी. आधी पेडल बंद ठेवून अँप जमवायचा. हलक्या हाताने स्वच्छ आणि जोरात मारल्यावर फुटायला लागेल इतका व्हॉल्यूम, बहुतेक मार्शल धर्तीच्या अँपवर १० पैकी ४ ते ५. अँपचा बेस ४, मिडल ६ ते ७, ट्रेबल ५, प्रेझेन्स ३. मग पेडलचा ड्राइव्ह ८ ते ९ वर, टोन ११ वर, लेव्हल २ ते ३ वर. ड्राइव्ह ९ वर असताना पेडल चालू आणि बंद सारख्याच जोराने ऐकू येतं ते साधारण लेव्हल ११-१२ च्या आसपास. त्यापुढचं सगळं अँपच्या पहिल्या ट्यूबला ढकलण्यात जातं. डायोड थोडेसेच काम करतात, बाकीचं फुटणं अँपचं. या मांडणीत सस्टेन वाढतो, नोट लवकर पकडली जाते आणि गिटारचा व्हॉल्यूम ६-७ वर आणला की आवाज पुन्हा स्वच्छ होतो. तो स्वच्छ झाला नाही तर ड्राइव्ह जास्त आहे असं समजावं.

व्हॉल्यूम खाली घेताना ट्रेबल हरवत असेल तर दोष पेडलचा नाही. गिटारच्या व्हॉल्यूम पॉटच्या (नॉबखालच्या बदलत्या रोधकाच्या) इनपुट आणि आउटपुट टोकांमध्ये ६८० पिकोफॅरडचा कपॅसिटर आणि १५० किलोओहमचा रोधक समांतर जोडा, ५०० किलोओहमच्या पॉटवर हे चांगलं बसतं. साधी केबलही दर मीटरला १०० पिकोफॅरडच्या आसपास कपॅसिटन्स आणते. गिटार आणि पेडलमधली केबल ३ मीटरची असली तर पुरे. पेडलनंतर कितीही लांब चालेल, कारण एसडी-१ बंद असतानाही त्याचा बफर (सिग्नलला लांब केबलसाठी बळ देणारा भाग) सिग्नल पुढे ढकलत असतो. हाच बफर जर्मेनियम ट्रान्झिस्टरच्या फझ पेडलच्या आधी आला तर मात्र फझ चिरका होतो, म्हणून फझ नेहमी एसडी-१ च्या आधी.

सगळ्यात जास्त निराशा होते ती पूर्ण स्वच्छ अँपवर. ड्राइव्ह १ ते २ वर नेला की गेन हवा तेवढा मिळतो, पण आवाज नाकातून आल्यासारखा, मधेच फुगलेला आणि खाली पोकळ. पेडल बिघडलेलं नसतं. अँप स्वतः फुटत नसल्यामुळे त्या मिड्सना गोलाई द्यायला तिथे कोणीच नसतं. ट्रान्झिस्टर अँपवर त्यातल्या त्यात बरं निघालेलं सेटिंग: ड्राइव्ह ११, टोन १०, लेव्हल १२, अँपचा बेस ७, मिडल ४, ट्रेबल ४. इंटरफेसमध्ये थेट लावलं तर डास कानाशी गुणगुणल्यासारखं वाजतं. गिटारचा स्पीकर ५ किलोहर्ट्झच्या वरचं बहुतेक सगळं गाळून टाकतो, आणि इथे स्पीकरच नसतो. पेडलनंतर अँपचं मॉडेल आणि कॅबिनेटची आयआर (इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजे स्पीकरच्या आवाजाची नक्कल करणारी फाइल) दोन्ही लावल्याशिवाय कुठल्याच ओव्हरड्राइव्हबद्दल मत बनवू नये.

फ्लॅटमध्ये वाजवणाऱ्यांचा नेहमीचा गैरसमज असा की १०० ऐवजी ५० वॅटचा अँप घेतला की शेजारी सुखी. फरक फक्त ३ डेसिबलचा. ५० वरून ५ वॅटवर आलं की १० डेसिबल, म्हणजे कानाला साधारण निम्मा आवाज, आणि ५ वॅटही बेडरूममध्ये भिंती हलवतात. त्यामुळे घरासाठी मास्टर व्हॉल्यूम असलेला अँप आणि पेडल ही तडजोड धरावीच लागते. प्री-अँप फुटलेला आणि मास्टर २ वर अशा मांडणीत पेडलची लेव्हल २ वरून १ वर आणा, नाहीतर सगळं दाबून बसतं.

पर्यायांपैकी ट्यूब स्क्रीमरबद्दल थोडक्यात. टीएस९ मध्ये गेन कमीत कमी सुमारे १२ पट आणि जास्तीत जास्त ११८ च्या आसपास, एसडी-१ मध्ये ८ पासून २०० च्या वर. म्हणजे एसडी-१ खाली जास्त स्वच्छ जातं आणि वर जास्त गेन देतं. मिड्सचा फुगवटा स्क्रीमरमध्ये अधिक ठळक. फेंडर धर्तीच्या अँपमध्ये मिड्स आधीच कमी असतात, तिथे स्क्रीमर जास्त शोभतो. मार्शलचे मिड्स मुळात भरपूर, तिथे एसडी-१. दोन्ही घ्यायची गरज कोणालाच नाही.

अँप स्वच्छच राहणार असेल तर मात्र या घराण्यातून बाहेर पडा. मार्शलचं ब्लूजब्रेकर हे पेडल १९९१ चं, २०२३ मध्ये पुन्हा बाजारात आलं, आणि त्याच्या सर्किटवरून बनलेली असंख्य पेडलं मिळतात. गेन कमी, खर्ज शाबूत, कॉर्डमधली प्रत्येक तार वेगळी ऐकू येते. त्यातून सोलो निघणार नाहीत, पण ताल धरायला त्याच्या तोडीचं या किमतीत फारसं काही नाही. बॉस बीडी-२ हे १९९५ चं. त्यात खर्ज भरपूर आणि बोटांना प्रतिसादही चांगला, पण गेन १ च्या पुढे नेला की वरचा भाग करकरतो. स्वच्छ अँपवर एसडी-१ आणि ब्लूजब्रेकर एकापुढे एक लावले की बराच प्रश्न सुटतो: ब्लूजब्रेकर नेहमी चालू, गेन १० वर, म्हणजे तोच ‘अँप’. त्याच्या आधी एसडी-१, ड्राइव्ह ८, लेव्हल १, फक्त सोलोला. क्लॉन सेंटॉर या गाजलेल्या महागड्या पेडलच्या नकलांबद्दल जितकं बोललं जातं तितकं इथे बोलण्यासारखं नाही. स्वच्छ बूस्ट म्हणून छान, बाकी किंमत बघून ठरवा.

आवाजापेक्षा जास्त वेळ खाते ती वीज. एसडी-१ ला ९ व्होल्ट डीसी लागतात, मधली पिन ऋण. काही मिलिअँपिअरच लागत असल्यामुळे कुठलाही अ‍ॅडॉप्टर पुरतो असं वाटतं, पण स्वस्त मोबाइल-छाप अ‍ॅडॉप्टर आणि साखळी केबलवर डिजिटल डिलेबरोबर लावलं की ड्राइव्ह वाढवल्यावर बारीक शिट्टी येते. डिलेचा घड्याळ-सिग्नल सामायिक ग्राउंडमधून ओव्हरड्राइव्हमध्ये शिरतो आणि गेनने मोठा होतो. वेगवेगळे आयसोलेटेड आउटपुट असलेला सप्लाय, किंवा ओव्हरड्राइव्हला ९ व्होल्टची बॅटरी, हे दोनच खरे उपाय. बॅटरी लावली तर वाजवून झाल्यावर इनपुटमधली केबल काढा. इनपुटचा जॅकच चालू-बंदचं बटण आहे, पेडल बंद दिसत असलं तरी बॅटरी उतरत राहते.

तारांना हात लावला की गुणगुण थांबते आणि सोडला की परत येते, हे आपल्याकडे फार दिसतं. आधी घराच्या सॉकेटचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. अर्थ नसेल तर कितीही महागडं पेडल ते झाकणार नाही, आणि ट्यूब अँपच्या बाबतीत तो जिवाचाही प्रश्न आहे. अर्थची पिन तोडून गुणगुण घालवण्याचा सल्ला कोणी दिला तर तिथून उठावं.

पावसाळ्यात, विशेषतः मुंबई आणि कोकणपट्टीत, जॅक आणि पॉट सगळ्यात आधी त्रास देतात: नॉब फिरवताना खरखर, केबल हलवली की आवाज जाणं. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक छोटा फवारा पॉटच्या फटीत, मग नॉब वीस-पंचवीस वेळा पूर्ण फिरवा. जॅकला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेला कापूस. सिलिका जेलच्या पुड्यांसह पेडलं बंद डब्यात ठेवली की हा उद्योग वर्षातून एकदाच करावा लागतो.

खर्ज खरंच कमी वाटत असेल तर सर्किटमधला तो ०.०४७ चा कपॅसिटर काढून ०.१ मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर लावता येतो. उताराची सुरुवात ७२० वरून ३४० हर्ट्झच्या आसपास येते आणि सिंगल कॉइलवर फरक लगेच जाणवतो. ०.२२ लावू नका, हंबकरवर चिखल होतो. झाकण उघडल्यावर भागांचे पाय बोर्डातून आरपार गेलेत की ते पृष्ठभागावर चिकटवलेले आहेत, हे आधी पाहा. दुसऱ्या प्रकारात साध्या सोल्डरिंग गनने हात घालू नये. वॉरंटी जाते हे वेगळं.

जुनं पेडल घेणार असाल तर अ‍ॅडॉप्टरच्या जागी ‘एसीए’ लिहिलंय की ‘पीएसए’ ते वाचून घ्या. एसीए जातीची पेडलं जुन्या, १२ व्होल्टच्या अनरेग्युलेटेड (व्होल्टेज स्थिर न ठेवणाऱ्या) अ‍ॅडॉप्टरसाठी बनलेली. आजच्या ९ व्होल्टच्या, म्हणजे पीएसए जातीच्या, अ‍ॅडॉप्टरवर एकटी लावली तर दिवा मंद आणि आवाज दबका. बॅटरीवर ती व्यवस्थित चालतात, म्हणून विकणाऱ्याकडे जाताना खिशात एक नवी ९ व्होल्टची बॅटरी ठेवा. फूटस्विच दहा-बारा वेळा हलक्या दाबाने दाबून बघा. एखादा दाब वाया गेला तर आतलं छोटं बटण झिजलेलं आहे. ते बदलायला फार खर्च नाही, पण भाव तेवढा खाली आला पाहिजे.