शंकू-शंखांची पेटी : शंख उत्तम, चिठ्ठ्यांवर भिस्त नको

वडोदऱ्याच्या रावपुरा भागातील एका दुकानात कोनस कुळातील, म्हणजे शंकूच्या आकाराच्या शंखांची सहा खणांची पेटी साडेसहाशे रुपयांना मिळते. प्रत्येक खणात लॅटिन नावाची छापील चिठ्ठी असते. सजावटीसाठी घेणाऱ्यास ही किंमत वाजवी वाटेल. परंतु ज्याला शंख ओळखायला शिकायचे आहे, त्याने पेटी दुकानातच उघडून पाहावी.

टेक्स्टाइल आणि मार्मोरियस हे दोन शंख निर्दोष आहेत. पिवळसर तपकिरी पृष्ठावरील तंबूच्या आकाराचे पांढरे त्रिकोण आणि गुळगुळीत खांदा (माथ्याखालची रुंद कड) यांवरून पहिला ओळखू येतो, तर काळ्या रंगावरील मोठे पांढरे ठिपके आणि खांद्यावरील गाठींची रांग यांवरून दुसरा. इब्रेयसचे काळे चौकोनही स्वच्छ दिसतात. तेच नागमोडी पट्ट्यांप्रमाणे एकमेकांत मिसळलेले असते, तर तो शंख काल्डेयस ठरला असता.

खरी अडचण 'लेपर्डस' अशी चिठ्ठी असलेल्या शंखाची आहे. लेपर्डस आणि लिटेराटस हे दोघेही पांढरे, काळ्या ठिपक्यांच्या रांगा असलेले आणि माथ्याला जवळजवळ सपाट असतात. लेपर्डस वीस सेंटिमीटरच्याही पुढे वाढतो खरा, पण लहान शंखाच्या बाबतीत आकाराचा उपयोग नाही. तेथे निमुळते टोक पाहावे लागते. लेपर्डसचे टोक पांढरे असते, लिटेराटसच्या टोकाशी मात्र गडद जांभळट तपकिरी छटा असते. पेटीतील शंखाच्या टोकाशी ती छटा अगदी स्पष्ट आहे.

याहून अधिक खटकते ती चकाकी. जिवंत प्राण्याच्या शंखावरील तपकिरी आवरण काढणे आवश्यकच असते, कारण त्याखाली नक्षी झाकलेली राहते. परंतु येथे उरलेल्या दोन शंखांना इतकी झिलई दिली आहे की खांद्यावरील गाठी आणि पृष्ठावरील बारीक आडव्या रेषा घासून गेल्या आहेत, आणि नऊशेहून अधिक प्रजातींच्या या कुळात रंगाव्यतिरिक्त आधार द्यायच्या त्याच खुणा होत्या. शंख कोणत्या किनाऱ्यावरचा, हेही चिठ्ठीवर नाही. (सयाजीबागेतील संग्रहालयात निळ्या देवमाशाचा सांगाडा असलेल्या या शहरात एवढी अपेक्षा अवाजवी नसावी.)

दुकानात न घासलेल्या सुट्या शंखांची वेगळी टोपली असते, विचारल्यास दाखवतात. शिकण्यासाठी घ्यायचे असल्यास माझ्या मते पेटीऐवजी त्यातलेच निवडावेत आणि भिंग सोबत न्यावे.