गावातला जोडवर्ग की तालुक्याची शाळा?

मुलगी यंदा तिसरीत जाणार म्हटल्यावर घरात वाद सुरू झाला. आमच्या गावची जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंत. पट २६, शिक्षक दोन. पहिली-दुसरी मॅडमकडे एका खोलीत, तिसरी-चौथी सरांकडे दुसऱ्या खोलीत. यालाच जोडवर्ग म्हणतात. तालुक्याच्या खासगी शाळेत मात्र दर वर्गाला वेगळी खोली, वेगळ्या बाई, आणि सकाळी सातला दारात व्हॅन. मी दोन्हीकडे जाऊन वर्गात बसून आले.

जोडवर्ग म्हटलं की शिक्षक टाळाटाळ करतात असा संशय आधी येतो. तसं नाही. शिक्षण हक्क कायद्याने (२००९) पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोनच शिक्षक ठरवलेत. लहान गावात शाळा हवी, तर वर्ग जोडावेच लागतात.

सरांच्या वर्गात फळ्याच्या मधोमध खडूची उभी रेघ होती. डावीकडे तिसरीची हातच्याची बेरीज, उजवीकडे चौथीचा भागाकार. सर चौथीकडे वळले तेव्हा तिसरीची मुलं दहा-दहा काड्यांचे गठ्ठे रबराने बांधत बेरजा करत होती. एकाचा गठ्ठा नऊचाच झाला होता. शेजारच्या चौथीतल्या मुलीने तो सोडला, त्याच्याकडून पुन्हा मोजून घेतला, आणि मगच आपल्या वहीकडे वळली. मला तिचंच जास्त कौतुक वाटलं. दुसऱ्याला समजावताना तिचंही पक्कं होत होतं. मोठ्या पोरांत आपलं लेकरू दबेल ही माझी धास्ती तिथेच कमी झाली.

पण वेळेचं गणित खरं आहे. जोडवर्गात सर थेट आपल्या मुलाच्या वर्गाशी बोलणार ते साधारण निम्मा वेळ. उरलेल्या वेळात मुलं काय करतात, यावर सगळं अवलंबून आहे. हाताला काम असेल तर तो वेळ सरावाचा. ‘धडा वाचत बसा’ एवढंच सांगितलेलं असेल तर तो वाया. कर्नाटकात १९९५ च्या सुमारास म्हैसूर जिल्ह्यातल्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यातून ‘नली-कली’ ही शिकवण्याची पद्धत सुरू झाली. तिथे वेगवेगळ्या इयत्तांची मुलं मुद्दाम एकत्र बसवतात, आणि प्रत्येक मूल कार्डांच्या पायऱ्या चढत आपल्या वेगाने पुढे जातं. मात्र त्यासाठी तयार साहित्य लागतं. एकट्या शिक्षकाने ते रोज रात्री घरी बनवावं ही अपेक्षा चुकीची आहे.

तालुक्याच्या शाळेत मी बसले त्या तिसरीत ४२ मुलं होती. बाई पूर्ण तास शिकवत होत्या, आवाज खणखणीत, फळा सुंदर. शेवटच्या दोन बाकांवरच्या वह्या मात्र तास संपेपर्यंत कुणी पाहिल्या नाहीत. सरांकडे दोन्ही वर्ग मिळून १३ मुलं, प्रत्येकाची वही रोज तपासली जाते. तालुक्याला एका इयत्तेचा अभ्यासक्रम वेळेत आणि क्रमाने होतो, हा मोठा फायदा आहे. गणितात तर फारच, कारण तिथे एक पायरी सुटली की पुढची डळमळते. भाषा आणि परिसर अभ्यास मात्र जोडवर्गात मला अधिक जिवंत वाटले. तिसरीची मुलं चौथीचं ऐकून शिवरायांच्या गोष्टी आधीच सांगत होती.

फी आणि व्हॅनचा खर्च तुम्हाला ठाऊकच आहे. जाण्यायेण्यातला तास-दीड तास मात्र धरा. सात-आठ वर्षांच्या मुलाची झोप त्यातूनच जाते.

मला खरी काळजी वेगळीच वाटते. दोनातला एक शिक्षक प्रशिक्षणाला, निवडणुकीच्या कामाला किंवा रजेवर गेला, की चारही वर्ग एका खोलीत येतात. त्या दिवशी शिकवणं होत नाही, फक्त मुलं सांभाळली जातात. म्हणून शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मी एवढंच विचारलं, गेल्या वर्षी असे किती दिवस गेले? तुम्हीही विचारा. आकडा पाच-दहा असेल तर मी जोडवर्गच निवडेन. चाळीस-पन्नास असेल किंवा एक जागा वर्षभर रिकामी असेल, तर मुलाला तिथे ठेवायला मी सांगणार नाही.

आमच्याकडे हजेरीपट पाहून सरांनी नऊ दिवस सांगितले. मुलगी गावातच राहतेय. गणिताचा सराव रोज अर्धा तास घरी घ्यायचा असं ठरलंय, आणि काड्यांचे गठ्ठे तिने कालच बांधून ठेवलेत.