विज्ञान समजून घ्यायचंय: आधी पॉपर की कून?

विज्ञानाचं तत्त्वज्ञान वाचायला घ्यावं असं मनात आलं की दोन नावं हटकून पुढे येतात, कार्ल पॉपर आणि थॉमस कून. दोघेही एका दमात वाचून होत नाहीत, म्हणून आधी कोण हे ठरवावं लागतं. माझं मत पॉपरच्या बाजूने आहे. अर्थात कूनचं पारडं काही बाबतींत जड आहे, तेही सांगतो.

पॉपरचा विचार १९१९च्या व्हिएन्नात रुजला. तेव्हा तो जेमतेम सोळा-सतरा वर्षांचा होता आणि शहरात फ्रॉइड आणि आडलर हे मानसशास्त्रज्ञ, शिवाय मार्क्स, यांचा बोलबाला होता. त्या वर्षी २९ मे रोजी खग्रास सूर्यग्रहण झालं. सूर्याच्या कडेने येणारा ताऱ्याचा प्रकाश आइन्स्टाइनच्या गणितानुसार १.७५ आर्कसेकंद (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) वाकायला हवा होता, न्यूटनच्या हिशेबाने साधारण निम्माच. प्रिन्सिपे बेटावर गेलेला ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन आणि ब्राझीलमध्ये सोब्रालला गेलेली तुकडी यांच्या मोजमापांनी कौल आइन्स्टाइनला दिला. पण पॉपरच्या मनात घर केलं ते वेगळ्याच गोष्टीने: आकडा चुकला असता तर आइन्स्टाइनला पळवाट नव्हती. आडलरच्या पठडीत असं काही नव्हतंच. पोराला बुडवायला पाण्यात ढकलणारा आणि त्याला वाचवायला उडी मारणारा, दोघांच्याही वागण्याचा उगम न्यूनगंडात दाखवता यायचा. काहीही घडलं तरी जो दावा खरा ठरतो तो विज्ञान नव्हे, ही पॉपरची कसोटी.

कून हार्वर्डला भौतिकशास्त्रात पीएच.डी. करून विज्ञानाच्या इतिहासाकडे वळलेला. त्याचं म्हणणं, इतिहास उघडून बघा, शास्त्रज्ञ असं वागतच नाहीत. एक चौकट, म्हणजे पॅराडाइम, मान्य करून ते तिच्या आतली कोडी सोडवतात. एखादं कोडं सुटलं नाही तर दोष चौकटीला नाही, सोडवणाऱ्याला लागतो. न सुटणारी कोडी फारच साचली की मग पेचप्रसंग येतो आणि चौकट बदलते.

फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ल व्हेरियेची गोष्ट या वादात मला सर्वांत बोलकी वाटते. युरेनस न्यूटनच्या गणिताप्रमाणे चालत नव्हता. म्हणून न्यूटनला मोडीत काढावं असं ल व्हेरियेला वाटलं नाही. त्याने पलीकडे आणखी एक ग्रह कल्पिला आणि त्याची जागा कागदावर काढली. २३ सप्टेंबर १८४६च्या रात्री बर्लिनमध्ये गाल नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने दुर्बीण लावली आणि नेपच्यून त्या जागेपासून एका अंशाच्या आत सापडला. पुढे १८५९ मध्ये बुधाच्या कक्षेतही गडबड दिसली, तेव्हा त्याच गड्याने तोच डाव टाकला: सूर्याजवळ ‘व्हल्कन’ नावाचा ग्रह असणार. एका फ्रेंच गावातल्या डॉक्टरने तो पाहिल्याचंही कळवलं! व्हल्कन अस्तित्वातच नव्हता. खुलासा व्हायला १९१५ साल आणि आइन्स्टाइनचा सापेक्षतावाद यावा लागला, तोवर कुणी न्यूटनला सोडलं नव्हतं.

हट्ट कधी फळेल आणि कधी फसेल हे आधी कुणालाच कळत नाही. इथे कून पॉपरपेक्षा खरा वाटतो. पॉपरची बाजूही तितकी लंगडी नाही. व्हल्कनचा दावा आकाशात तपासता येण्याजोगा होता, म्हणूनच तो मेला.

आता घरच्या मैदानावर या. २००८ मध्ये जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या ज्योतिषांची चाचणी घेतली. पत्रिका दोनशे, निम्म्या हुशार मुलांच्या आणि निम्म्या मतिमंद मुलांच्या. प्रत्येक ज्योतिषाकडे चाळीस पत्रिका दिल्या. कोणती कुणाची ते ओळखायचं. उत्तरं पाठवली २७ जणांनी, बरोबर निघाली सरासरी ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी याहून वाईट झालं नसतं. हे पॉपरचं हत्यार, आणि ते तुम्हीआम्ही उद्या सकाळी वापरू शकतो.

कूनला मात्र एवढ्यावर समाधान नाही. ज्योतिषांची भाकितं शतकानुशतकं चुकत आली आहेत, चुकणं तर खगोलशास्त्रालाही चुकलेलं नाही. फरक पुढे काय होतं यात आहे. खगोलशास्त्रज्ञ नवं निरीक्षण घेतो, गणित सुधारतो. ज्योतिषी जन्मवेळेवर ढकलून मोकळा होतो. त्या चुकीतून सोडवावं असं कोडंच त्याच्यापुढे उभं राहत नाही. हे निदान पॉपरपेक्षा खोल आहे, असं मला वाटतं.

तरीही पॉपर आधी, कारण अर्धाकच्चा कून डोक्यात भिनला की माणूस ‘सगळी चौकटींचीच माया’ म्हणू लागतो. प्रत्येक चमत्कारी काढेवाला स्वतःला गॅलिलिओच समजतो, त्याला हा कून फार आवडतो. खुद्द कूनला हा अर्थ मान्य नव्हता. १९६९ मध्ये त्याला आपल्या ‘द स्ट्रक्चर ऑफ सायंटिफिक रेव्होल्यूशन्स’ या पुस्तकाला खुलाशाचं परिशिष्ट जोडावं लागलं. पण दोष थोडा त्याचाही. मार्गारेट मास्टरमन या अभ्यासक बाईंनी त्याच्या लेखनात ‘पॅराडाइम’चे २१ वेगवेगळे अर्थ मोजून दाखवले होते.

पॉपरचा जाडजूड ग्रंथ पहिल्यांदा उचलू नका. १९५३चं त्याचं केंब्रिजमधलं व्याख्यान ‘कंजेक्चर्स अँड रेफ्युटेशन्स’चं पहिलं प्रकरण म्हणून मिळतं, ते एका बैठकीत होतं. कूनचं ‘द स्ट्रक्चर ऑफ सायंटिफिक रेव्होल्यूशन्स’ (१९६२) त्यानंतर, आणि परिशिष्टासकट. अपवाद एकच: तुम्ही प्रयोगशाळेत काही वर्षं काढली असतील, गाइडचा आवडता सिद्धांत आकड्यांशी जुळत नसताना ‘तुझंच काहीतरी चुकलंय, पुन्हा कर’ हे ऐकलं असेल, तर खुशाल कूनपासून सुरुवात करा.