जपानी बोलीचा वर्ग, धरमपेठ: एका गाडीवाल्याचा अनुभव

नागपुरात इंदोऱ्याला माझी २ गाड्यांची ट्रॅव्हल्स आहे. दीक्षाभूमी, कामठीचं ड्रॅगन पॅलेस बुद्धविहार, मनसरचं उत्खनन असा फेरा करायला जपानी पाहुणे येतात. म्हणून धरमपेठेतल्या या वर्गाला ३ महिने गेलो. फी ६ हजार.

काहून गेलो, ते सांगतो. दोन वर्षांआधी मनसर झाल्यावर एका वयस्क बाईंना विचारलं, रामटेकचा गड दाखवू का? दातांतून श्वास ओढत त्या म्हणाल्या, "चोत्तो..." मोबाईलवर मी शिकलो होतो, चोत्तो म्हणजे थोडं. मला वाटलं, थोडा वेळ चला म्हणतात. मे महिन्याच्या उन्हात त्यांना गडावर नेलं. त्या काही बोलल्या नाहीत, हॉटेलवर वाकून आभार मानले. दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडी दुसऱ्याची घेतली.

मॅडमनी पहिल्याच आठवड्यात तो शब्द फळ्यावर लिहिला. चोत्तो म्हणून वाक्य अर्धवट सोडलं की बहुधा तो नकार असतो. समोरच्याला दुखवायचं नाही म्हणून पुढचं गिळायचं, ऐकणाऱ्यानं ओळखायचं. त्या बाईंचा घामेजलेला चेहरा आठवून जीव कासावीस झाला.

'हाय'चंही तेच. अर्थ 'हो', पण बोलणं चालू असताना ते नुसतं आपल्या 'हं'सारखं, ऐकतोय एवढंच सांगणारं. अशा हुंकारांना ते आइझुची म्हणतात. मी भाडं सांगायचो, ते हाय हाय करायचे, मी सौदा पक्का धरायचो! आणि आपण मान डोलावतो ती होकाराची की नकाराची, हे त्यांना उमगत नाही. एकानं ड्रायव्हर, एकानं पाहुणा व्हायचं, अशी तालीम मॅडम मन लावून घेतात. याला ५ पैकी ५.

लिपीवर मात्र निम्मा वेळ जातो, कारण बरेच जण एन-५, म्हणजे जपानी भाषेच्या पहिल्या पायरीच्या परीक्षेसाठी येतात. त्या परीक्षेत बोलण्याचा भागच नाही. नोकरीवाल्यांना ती लागते, मला रस्त्यावरचं बोलणं लागतं. शिवाय मॅडम सगळे जपानी एकाच मापानं मोजतात. मागच्या महिन्यात ओसाकाचे एक काका आले, तोंडावर "नको, थकलो" म्हणाले आणि वर दिलखुलास हसले.

तरी गाडीवाल्यांनी जावंच. फक्त दसऱ्याआधी संपणारी सकाळची बॅच काढा जी, त्या दिवसांत संध्याकाळी आम्ही दीक्षाभूमीच्या फेऱ्यांत असतो.