सीएनसीला कोणता हात: कोबॉट की पिंजऱ्यातला रोबो?

भोसरीत चार सीएनसी (संगणकाच्या आज्ञेवर धातू कापणारी यंत्रं) चालवणारा मित्र अडकलाय: जॉब, म्हणजे कापायचा भाग, मशीनवर चढवायला कोबॉट (माणसाशेजारी काम करणारा रोबो-हात) घ्यावा की कुंपणातला औद्योगिक रोबो?

वेगात रोबो सरळ पुढे. माणसाशेजारी कोबॉटला दबकतच चालावं लागतं. जागा कोबॉटला कमी, कुंपण नको म्हणतात. पण ग्रिपरमध्ये (हाताच्या पकडीत) धारदार कडांचा जॉब असेल तर त्यालाही आडोसा लागतोच. शिकवायला मात्र कोबॉट सोपा: हात धरून जागा दाखवायची, ऑपरेटरलाच जमतं. रोबोला पेंडंट (हातातला बटणांचा कंट्रोलर) आणि जाणकार माणूस हवा.

खर्चात ग्रिपर, ट्रे, मशीनचं ऑटो-डोअरही धरा. आणि चकमध्ये (जॉब धरणाऱ्या मशीनच्या पकडीत) चिप, म्हणजे धातूचा कीस, अडकली की दोघेही जॉब वाकडाच बसवतात. हवेचा फवारा आधी लावा.

दर दोन दिवसांनी जॉब बदलतो? कोबॉट. एकच जॉब, तिन्ही पाळ्या, वर्षभर? रोबो.