ना मोटर, ना सेल: उतारावर चालणाऱ्या लाकडी खेळण्याचे किट

सहावीतल्या भाचीसाठी मी हे ४०० रुपयांचे किट आणले. प्लायवूडचे दोन पाय, एक आस, चार वॉशर आणि गोलसर बुडाचे दोन तळवे एवढेच भाग त्यात आहेत. सेल बसवायला कुठेही जागा नाही. मीटरभर लांबीच्या फळीचे एक टोक साधारण १० सेंटीमीटर उचलून त्यावर हे खेळणे ठेवले आणि हलकेच एका बाजूला कलवले, की ते एका पायावर झुलते, दुसरा पाय फळीवरून सुटतो आणि लंबकासारखा आपणहून पुढे येतो. टेकलेला पाय तेवढ्यात उलट्या लंबकासारखा पुढे कलत असतो. पाऊल आपटताना वाया जाणारी ऊर्जा उतार उतरताना भरून निघते, म्हणूनच ही चाल टिकते.

अशा खेळण्याचे पेटंट अमेरिकेत जॉर्ज फॅलिस यांनी १८८८ मध्येच घेतले होते. मात्र कॅनडातील सायमन फ्रेझर विद्यापीठात टॅड मॅकगीर यांनी या चालीचे गणित मांडले आणि १९९० मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा चालण्याचा बराचसा भाग मेंदूच्या किंवा संगणकाच्या हुकमाविना, केवळ पायांच्या घडणीतून होऊ शकतो, हे स्पष्ट झाले. त्याच विचारावर, लहान मोटरींची जोड देऊन, अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात घडवलेला रेंजर हा चालणारा यंत्रमानव २०११ मध्ये एकदाच चार्ज केलेल्या बॅटरीवर ६५ किलोमीटर चालला. हे सारे ज्या तत्त्वावर उभे आहे ते मुलांच्या हाती देणारे किट मला फार मोलाचे वाटते.

दोन उणिवा मात्र सांगायला हव्यात. आसेचे भोक सैल असल्याने खेळणे एका बाजूला वळत जाते. मी आतून कागदाची पट्टी गुंडाळली, तेव्हा ते सरळ चालू लागले. तळवे गुळगुळीत फळीवर घसरतात, त्यांना पॉलिश पेपर चिकटवावा लागतो. माहितीपत्रकातला ‘उतार वाढवा, पावले भराभर पडतील’ हा सल्ला तर चुकीचाच आहे, कारण उतार वाढवल्यावर आमच्याकडे पावले लांब झाली, ताल जवळपास तोच राहिला आणि आणखी वाढवताच खेळणे कोलमडले. ताल मुख्यतः पायांच्या लांबीवर आणि तळव्यांच्या गोलाईवर ठरतो. उत्पादकांनी वेगळ्या लांबीच्या पायांची एक जादा जोडी दिली, तर मुलांना हे स्वतःच मोजून पाहता येईल.