बेल्टची गाडी, अकरा महिने: चिवचिव कुठून येत होती

गेल्या फेब्रुवारीत पुण्याहून एक दुसऱ्या हातातली, दोन सिलिंडरची, मागच्या चाकाला चेनऐवजी बेल्ट असलेली मोटारसायकल घेतली. तेव्हा मीटर १८,४०० होता, आज २७,१०० आहे. रोजचं जाणं-येणं सांगलीत विश्रामबाग ते मार्केट यार्ड, महिन्यातून दोनदा मिरजेवरून सोलापूर रस्ता, आणि कधी संध्याकाळी उगाच हरिपूरच्या संगमापर्यंत. गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की खाली माझी चांगली की तुझी एवढंच सुरू होतं, आणि माझ्या गाडीला जे झालं त्यात गाडी बनवणाऱ्याचा काही दोष नव्हता.

पहिले दोन महिने सुख होतं. चेनला ऑइल नाही, पँटच्या पोटरीवर काळे डाग नाहीत, मागच्या रिमवर चिकट थर नाही. गिअर पडला की चेनचा जो एक झटका बसतो तोही नाही. घरी येऊन गाडी लावली की हात धुवायची गरज नाही, हे तीस वर्षं चेन पुसलेल्या माणसालाच कळेल.

एप्रिलमध्ये आवाज सुरू झाला. पंधरा-वीसच्या स्पीडला चिव, चिव, चिव. चिमणी सीटखाली बसल्यासारखी. चाळीसच्या पुढं गेलं की वाऱ्यात हरवायचा. आयर्विन पुलावर मात्र लपायचा नाही. १९२९ चा दगडी पूल, बाजूला कठडा, हळू चाललेली गाडी. आवाज कठड्यावर आपटून सरळ कानात. पुढच्या सायकलवाल्यानं वळून बघितलं तेव्हा ठरवलं, आता बघायलाच पाहिजे.

इथं पहिली चूक केली. स्वतः न बघता गाडी गॅरेजला टाकली. तिथला माणूस हाताला चांगला आहे, माझ्या जुन्या गाडीचं इंजिन त्यानंच उघडलं होतं. पण बेल्ट म्हटल्यावर त्याच्या डोळ्यासमोर स्कूटरचाच बेल्ट. "ॲक्टिव्हाला असतो तसाच की ओ हा. वाईच ऑइल मारतो, गप्प बसतोय बघा." ऑइल मारू दिलं नाही एवढंच शहाणपण मी दाखवलं. स्कूटरचा बेल्ट तिरक्या कडांचा असतो, पुलीच्या दोन तबकड्यांच्या फटीत दाबून धरला जातो, आणि तो बंद डब्यात फिरतो. मोटारसायकलच्या मागच्या चाकाचा बेल्ट दातेरी असतो. दाते पुलीच्या खाचांत बसतात, आत अ‍ॅरामिड किंवा कार्बनच्या दोऱ्या असतात, आणि ओढ सगळी त्या दोऱ्या घेतात. तो उघड्यावर, धुळीत, पावसात फिरतो. ऑइल लागलं तर धूळ त्याला धरून बसते आणि दात्यांची वाट लागते. १९८० मध्ये हार्ले-डेव्हिडसननं असा दातेरी बेल्ट मागच्या चाकाला लावला, तेव्हापासून ऑइल न लागणं हीच तर त्याची मोठी सोय आहे.

मग त्यानं दुसरा इलाज केला. बेल्ट ढिला आहे म्हणून आवळून दिला. गाडी चालवत घरी आणली. चिवचिव होतीच, वर घुंघुं असा एक नवा आवाज, स्पीड वाढेल तसा चढणारा. पिठाची गिरणी मागं बांधल्यासारखा. बेल्ट जास्त ताणला की असंच होतं. शिवाय तो ताण गिअरबॉक्सच्या बाहेरच्या बेअरिंगवर आणि चाकाच्या बेअरिंगवर जातो. बेल्टपेक्षा ती दुरुस्ती महाग. त्या रात्री झोप नीट लागली नाही, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी रविवार. आवाज आधी पकडायचा, पाना नंतर उचलायचा, असं ठरवून पार्किंगमध्ये बसलो. गाडी बंद, न्यूट्रलमध्ये, हातानं ढकलली. चिवचिव आली. म्हणजे इंजिन सुटलं. ढकलताना मागचा ब्रेक अगदी हलका दाबला. आवाजात फरक नाही. म्हणजे ब्रेकचे पॅड सुटले. मग मागचं चाक पॅडॉक स्टँडवर उचललं, हातानं फिरवलं आणि लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक अ‍ॅक्सलच्या, म्हणजे चाकाच्या आसाच्या, नटाला, मूठ कानाच्या हाडाला लावून ऐकलं. बेअरिंग गेलं असेल तर खरखर येते, ती नव्हती. मग बाटलीनं बेल्टवर थोडं पाणी मारलं. आवाज बंद. चाक पंधरा-वीस वेळा फिरलं, बेल्ट कोरडा झाला, चिवचिव परत. म्हणजे काहीतरी घासत होतं, आणि कोरडंच घासत होतं.

मोबाईलचा दिवा लावून मागच्या पुलीच्या कडेला नाक लावलं. माझ्या गाडीत या पुलीला दोन्ही बाजूंनी कड आहे, बेल्ट बाहेर जाऊ नये म्हणून. त्यातली आतली कड एका रेघेत आरशासारखी चमकत होती आणि त्या रेघेच्या खाली काळी पूड साठलेली. पुडीत पिवळी छटाही होती. हळदीच्या यार्डात गाडी लावतो, तिथं बेल्टवरच काय, जेवणाच्या डब्यावरही हळद बसते. बाहेरची कड मात्र मळकट, जशीच्या तशी. म्हणजे बेल्ट मधून चालतच नव्हता. चाक वाकडं बसलं होतं. पुण्यात आधीच्या मालकानं टायर बदलला होता, तेव्हाच बहुतेक गोंधळ झाला असणार.

आता मागचं चाक ज्या दोन दांड्यांत बसतं त्या चिमट्यावर दोन्ही बाजूंना रेघा असतात, चाक सरळ बसलंय का ते बघायला. त्या बघितल्या तर दोन्हीकडं जवळजवळ सारख्या. या रेघांवर विश्वास ठेवू नका. मी छत्रीची एक जुनी काडी घेतली, एक टोक थोडं वाकवलं, तिच्यावर औषधाच्या बाटलीच्या झाकणातलं रबर ओवलं. वाकवलेलं टोक चिमट्याच्या पुढच्या बोल्टच्या बरोबर मध्यावर टेकवलं आणि रबर सरकवत अ‍ॅक्सलच्या मध्यावर आणलं. मग तीच काडी तशीच उचलून दुसऱ्या बाजूला लावली. रबर अ‍ॅक्सलच्या मध्यापासून दोन मिलिमीटर लांब. दोन मिलिमीटर! गॅरेजमध्ये एकाच बाजूचा बोल्ट फिरवला होता, हे तेव्हा कळलं. आधी वाकडं होतंच, त्यात आणखी वाकडं झालं आणि वर ताणही वाढला.

ताण मोजायची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण इथंच बहुतेकांची फसगत होते. अंगठ्यानं दाबून 'बरोबर आहे' म्हणायचं नसतं. माझ्या गाडीच्या पुस्तकात बेल्टच्या खालच्या बाजूच्या मध्यावर साडेचार किलोचा जोर लावून झोळ किती पडतो ते मोजायला सांगितलं आहे. तुमच्या गाडीचा आकडा तुमच्या पुस्तकातलाच घ्या. घरात पोती तोलायचा स्प्रिंगचा हुक-काटा होता. बेल्टभोवती सुती नाडी गुंडाळली, काटा खाली ओढून साडेचारवर आणला, शेजारी चिकटपट्टीनं मोजपट्टी उभी केली. झोळ चार मिलिमीटर. चाक पाव फेरी फिरवलं, परत मोजलं: सहा. आणखी पाव: नऊ. म्हणजे बेल्ट सगळीकडं सारखा ताठ नसतोच. कुठंतरी एक घट्ट जागा असते, आणि मोजायचं ते तिथं. ढिल्या जागी मोजून आवळलं तर घट्ट जागी चाकाचा जीव जातो. बेल्ट थंड असताना मोजायचं, सोलापूरहून आल्या आल्या नाही.

या घट्ट जागेचा एक किस्सा आहे. माझे एक मामा मिरजेत सतारीचं काम करतात. कारखान्याच्या भिंतीवर, २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला भौगोलिक मानांकन मिळाल्याचं कात्रण लावलेलं आहे. गाडी घेऊन तिकडं गेलो होतो, गाऱ्हाणं सांगितलं. त्यांनी खाली वाकून दोन बोटांनी बेल्ट छेडला. ठप्प. म्हणाले, "याला सूर कसला, नुसता ठेका आहे. चाक फिरव बघू." फिरवलं, परत छेडला. "हां, हा चढला." पुन्हा फिरवलं. "उतरला." काटा-पट्टी लावून मी रविवारी पाऊण तासात जे शोधलं होतं ते त्यांनी एका मिनिटात दाखवलं. यात जादू काही नाही. तार तीच, लांबी तीच, ताण वाढला की सूर चढणारच. ताण दुप्पट झाला तर कंप साधारण १.४ पट. सायकलच्या बेल्टसाठी तर मोबाईलवर असं ऐकून ताण मोजायची ॲपही आहेत. मोटारसायकलच्या रुंद बेल्टवर मोबाईल गोंधळला, मामांचा कान नाही. मात्र कानानं फक्त घट्ट जागा शोधायची, आकडा काट्यानंच घ्यायचा.

तर जुळवणी. अ‍ॅक्सलचा नट सोडला, आधी पिन काढून. ताण देणारे दोन बोल्ट, आठ एमएमचे. यांचा पेच सव्वा मिलिमीटरचा असतो, म्हणजे डोक्याच्या सहा कडांपैकी एक कड फिरवली की चाक जेमतेम ०.२ मिलिमीटर सरकतं. बायकोच्या नेलपॉलिशनं प्रत्येक बोल्टच्या एका कडेवर ठिपका दिला, नाहीतर मोजणी चुकतेच. मला दोन मिलिमीटर भरून काढायचे होते आणि बेल्ट आधीच फार ताठ होता, म्हणून ढिली बाजू आवळायची नाही, तर आवळलेली बाजू सोडायची. नऊ कडा. सोडल्यावर चाक आपोआप पुढं येत नाही. टायरला मागून हातानं दोन ठोके द्यायचे, म्हणजे बोल्ट टेकतो. काडी लावली, दोन्ही बाजू सारख्या. मग दोन्ही बोल्ट एक-एक कड करून ताण आणला.

खरी चिडचिड यानंतर. टॉर्क पान्यानं, म्हणजे ठरलेल्या जोरानं आवळायच्या पान्यानं, नट आवळला की ताण बदलतो. सगळं जुळवलं, आवळलं, मोजलं: झोळ परत कमी. सोडा, अर्धी कड मागं, आवळा, मोजा. असं तीनदा. चौथ्या मजल्यावरचे काका दोनदा खाली येऊन गेले, "अजून झालं न्हाई?" म्हणत. चेनवाले असं आवळताना स्प्रॉकेटमध्ये फडकं अडकवतात. बेल्टला ते करू नका, दोऱ्या तुटतात. त्याच कारणानं बेल्ट कधी चेपायचा, पिळायचा, घडी घालायचा नाही. शेवटी नवी पिन घातली, चाक पुढच्या दिशेनं बराच वेळ फिरवून बघितलं. बेल्ट दोन्ही कडांपासून सुटा, मधून. आवाज शून्य.

गाडी रस्त्यावर काढली तेव्हा घुंघुंही गेलं होतं. आयर्विन पुलावर मुद्दाम हळू गेलो.

पुढचे महिने थोडक्यात. पावसाळ्यात बेल्टनं एकदाही तक्रार केली नाही. ओला असला की तो उलट शांत असतो. दिवाळीनंतर ऊस सुरू झाला आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांमधून पडलेली माती, पाचटाचा भुगा, वाळलेला चिखल यांचा रस्त्यावर थर बसला. डिसेंबरमध्ये चिवचिव परत आली. यावेळी घाबरलो नाही. काडी लावली, सगळं जागच्या जागी होतं. पातळ साबणाचं पाणी, मऊ ब्रश, दात्यांच्या खाचा एकेक करून, मग साधं पाणी. गेली. गळीत संपेपर्यंत दर पंधरवड्याला हे करावं लागणार असं दिसतंय. ज्यांचं रोजचं जाणं कारखान्याच्या रस्त्यानं किंवा शेतातल्या वाटेनं आहे त्यांनी बेल्टची गाडी घेऊ नये, असं माझं मत. चेन घ्या, पुसा, सुखी राहा.

खडीचीही भीती आहे. कवठे महांकाळच्या अलीकडं बारीक खडी बेल्ट आणि पुलीच्या मधे गेली, बेल्टवर गव्हाच्या दाण्याएवढा खड्डा पडला. मधोमध आहे, दोऱ्या दिसत नाहीत, म्हणून चालवतोय. कडेला असता तर बदललाच असता. बदलणं सोपं नाही: बेल्ट अखंड असतो, चेनसारखा लॉक उघडून काढता येत नाही, माझ्या गाडीत त्यासाठी चिमटाच सोडवावा लागतो. आणि सांगलीत तो दुकानात टांगलेला मिळत नाही, मागवावा लागतो. किंमत चेनसेटच्या कितीतरी पट.

एवढं असूनही गाडी विकायचा विचार नाही. सोलापूर रस्त्यावर चार तास चालवून उतरलं की हात, पाय, कान सगळं स्वच्छ असतं, आणि त्यासाठी वर्षातून एक रविवार गेला तर जाऊ दे.

आज २७,१०० ला परत मोजलं. एका कडेचाही फरक नाही. मागचा टायर मात्र संपलाय, पुढच्या महिन्यात बदलावा लागेल. टायरवाल्याला सांगून ठेवलंय की चाक बसवताना मी शेजारी उभा राहणार. छत्रीची काडी घेऊन.